तिसरी स्प्रिंग

मलकापुरात मिस्तरींच्या टेबलाजवळ जायचं तर आधी अंगठी काढावी लागे. अंगठी, कडं, कमरेचा चांदीचा करगोटा, मनगटावरचं घड्याळ, जे काय धातूचं असेल ते. टेबलाच्या पायाशी मातीचं एक परळ ठेवलेलं असे. त्यात टाकायचं आणि मग बोलायचं. नाही काढलं तर ते मान वर करत नसत. तुम्ही पाटील असा, तालुक्याचे साहेब असा, नाहीतर माझ्यासारखे भोंगेवाले असा, सगळ्यांना वाक्य एकच.

"अंगठी काढा, मंग बोला."

एकदा पलीकडच्या गावचे एक जाडजूड पाटील आले. त्यांचा टॉर्च बिघडला होता. अंगठी बोटात रुतलेली, निघता निघेना.

"मिस्तरी, हे माह्या लग्नातली हाये. आता बोटच तोडावं लागन."

"तोडू नका. समोरच्या हॉटेलात साबण हाये."

पाटील हॉटेलाच्या हौदाशी उकिडवे बसले आणि अर्धा घंटा बोटाला साबण चोळत राहिले. टांगेवाले टांगे सोडून पाहायला आले. एक म्हणाला, "पाटील, नवरी पळून जाऊन राह्यली का?" अंगठी निघाली तेव्हा पाटलांचं तोंड लाल झालं होतं. पण टॉर्च नीट झाला, आणि पुढच्या खेपेपासून पाटील अंगठी घरीच ठेवून येऊ लागले.

लोक त्यांना येडा मिस्तरी म्हणत. मी कधी म्हटलं नाही. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांनी स्वतः कधी पाटी लावली नाही, तर मी कोण लावणारा. मी दुसरीतून शाळा सोडली. त्यामुळं हे बोलल्यासारखं झालं असेल. ज्याला खटकेल त्यानं दुसरं काही वाचावं.

टेबल म्हणजे काय, कापसातली सरकी काढायच्या जिनाच्या कुंपणभिंतीला लागून कडुलिंबाखाली मांडलेला एक सागवानी पाट, खाली चार विटांचे खांब. नवा महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. गावोगाव वीज पोचली नव्हती, पण ब्याटरी पोचली होती. टॉर्च होते, ट्रान्झिस्टर येऊ लागले होते, पंचायतीचे रेडिओ होते, आणि लग्नाकार्यात मोटारीच्या ब्याटरीवर चालणारे आमचे भोंगे होते. हे सगळं बिघडलं की मलकापुरात मिस्तरींकडं यायचं. ते स्वतः धातू म्हणून अंगावर काही ठेवत नसत. सदऱ्याला नारळाच्या करवंटीची बटणं, पायजम्याला नाडी, चष्म्याच्या काड्या मोडल्यावर दोरा. चप्पलसुद्धा खिळा नसलेली, शिवून घेतलेली.

त्यांची बायको दुपारी भाकरी घेऊन यायची. फडक्यात भाकरी, पळसाच्या द्रोणात पिठलं, कारण डबा चालत नसे. ती टेबलापासून दहा-बारा पावलांवर थांबायची आणि तिथूनच म्हणायची, "मी काई मंगळसूत्र काढत नाई. तुमी या इकडं."

आणि मिस्तरी उठायचे. पाटलाला साबण लावायला लावणारा माणूस मुकाट्यानं उठून तिच्यापाशी जायचा, तिथंच जमिनीवर बसून जेवायचा. टांगेवाले त्यावरही बोलायचे, पण हळू.

या येडेपणाला कारण होतं. त्यांच्या उजव्या हाताच्या एका बोटाला चहूकडून पांढरा वळ होता, अंगठी घातल्यासारखा. तरुणपणी ते अकोल्याकडं मोटारीच्या गॅरेजात कामाला होते. ब्याटरीचा नट खोलताना पान्हा एका खुंटीवर, बोटातली अंगठी पान्ह्याला, आणि अंगठीची दुसरी बाजू ब्याटरीच्या दुसऱ्या खुंटीला लागली. ते सांगत, "झटका नाई, काई नाई. अंगठी तेवढी लाल झाली. मी पायत राह्यलो आन् ते लाल झाली." अंगठी कापून काढेस्तोवर बोट भाजून निघालं होतं.

आमच्याकडं लोकांची समजूत अशी की ब्याटरीचा करंट म्हणजे गरीब करंट. हात लावला तर झटका बसत नाही, मग भ्यायचं काय. त्यावर मिस्तरी म्हणत, "खांबावरची लाईन माणसाले फेकून देते, म्हणून तिले सारे भेतात. ब्याटरी फेकत नाई. ते गुपचूप बसून खाते." कोणी हसलं तर ते एक खिळा चिमट्यात धरून मोटारीच्या ब्याटरीच्या दोन खुंट्यांवर आडवा ठेवत. खिळा आधी काळा पडे, मग लाल होई. हसणारा आपोआप मागं सरके.

म्हणून त्यांनी स्प्रिंग काढली. कुठं पाहून काढली, कोणाला विचारून काढली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. स्प्रिंग बोटाच्या पेराएवढी, पातळ तारेची. तिचं एक टोक स्क्रूनं पक्कं. दुसरं टोक ताणून, एका मऊ धातूच्या थेंबानं पत्र्याला चिकटवलेलं. ब्याटरीचा सगळा करंट या स्प्रिंगमधून जायचा. मशीन सरळ चालू असेल तर स्प्रिंग थंड. पण कुठं तारेला तार लागली, शार्ट झाला, की करंटाचा लोंढा येतो. थेंब तापतो, वितळतो, आणि ताणलेली स्प्रिंग टक् करून मागं पळते. वाट तुटली. ब्याटरी वाचली, मशीन वाचलं, घर वाचलं.

"मंग साधी फ्यूजची तार काऊन नाई लावत?" मी एकदा विचारलं.

"तुह्या छकड्याच्या धक्क्यानं तार उगाच तुटते. आन् जळते तवा मरता मरता चिकटून राह्यते. स्प्रिंग चिकटत नाई. ते पळून जाते."

खरी मेख त्या थेंबात होती. कथील लावलं तर ते फार उशिरा वितळतं, तोवर सगळं जळून जातं. मिस्तरींना तो धातू जिनातून मिळे. जिनातला गाठी बांधायचा जुना प्रेस बंद पडला होता. त्याच्या छताला आग विझवायचे पाण्याचे नळ होते, आणि प्रत्येक नळाच्या तोंडाशी दोन पट्ट्या एका मऊ धातूनं जोडलेल्या होत्या. आग लागली की तो धातू वितळून नळ आपोआप उघडावा, अशी ती रचना. नळ उतरवले तेव्हा ती तोंडं एका कोपऱ्यात ढिगानं पडली. जिनाच्या शेटजींनी मिस्तरींना सांगितलं होतं, लागेल तसं नेत जा. त्याच्या बदल्यात जिनाच्या राखणदारांचे टॉर्च मिस्तरी नीट करत. कापसात कंदील चालत नाही, टॉर्चच लागतो. तर तो ढीग म्हणजे मिस्तरींची खाण होती. दुसरीकडं कुठंच तो धातू मिळत नव्हता. शेटजींनी दार लावलं असतं तर स्प्रिंग संपली होती.

त्या धातूत ते थोडं कथील मिसळत. किती, ते त्यांचं पाणी ठरवी. चुलीवर पाण्याचं मातीचं भांडं ठेवत आणि त्यात मेणाचा तुकडा टाकत. मेण वितळलं तरी स्प्रिंग सुटता कामा नये, म्हणजे वैशाखाच्या उन्हात ती दगा देणार नाही. आणि पाणी उकळलं की सुटलीच पाहिजे. दोन्हींच्या मधात ती बसली पाहिजे. एवढंच त्यांचं शास्त्र, पण त्यात त्यांनी कधी केसाची सूट दिली नाही.

अडचण एकच होती. स्प्रिंग खरी की खोटी हे सोडून पाहिल्याशिवाय समजत नाही, आणि सुटली की ती गेली. तपासलेली कामाची नाही, कामाची तपासलेली नाही. यावर मिस्तरींनी त्यांची रीत बसवली होती. एकाच तारेच्या, एकाच थेंबाच्या तीन स्प्रिंगा करायच्या आणि गिऱ्हाइकापुढं मांडायच्या. "यातली कोनतीबी उचल." गिऱ्हाईक उचलेल ती ब्याटरीला लावायची आणि गिऱ्हाइकाच्याच हातानं लाकडी मुठीच्या चिमट्यानं शार्ट करायची. टक्. मग उरलेल्या दोनांतली एक मशीनमध्ये जाई, आणि तिसरी मिस्तरींच्या पेटीत.

ती तिसरी म्हणजे साक्षीदार. किराणा दुकानातली मसाल्याची लाकडी पेटी त्यांनी वाढवून घेतली होती, लहान लहान खाने पाडून. मिस्तरींना लिहिता येत होतं ते माझ्याइतकंच, म्हणून प्रत्येक खान्यावर त्यांनी चित्र काढलेलं. संग्रामपूरचा एक माणूस रानडुकरांपासून पीक राखायला टॉर्च वापरी, त्याच्या खान्यावर डुक्कर. अमडापूरच्या दुकानदाराचा तराजू. माझ्या खान्यावर भोंगा. कोणी कुरकुर करत आला, स्प्रिंग खोटी निघाली म्हणाला, की पेटीतून त्याचा साक्षीदार काढायचा आणि चारचौघांत पाण्यात टाकून पाहायचा. "ज्या दिवशी साक्षीदार खोटा निघन, त्या दिवशी हा पाट चुलीत घालीन," असं ते म्हणत, आणि पाटाकडं पाहून म्हणत, म्हणजे पाटालाही समजावं.

संग्रामपूरवाला एकदा असाच तणतणत आला. तीन दिवसांत टॉर्च मेला म्हणाला. डुकराच्या खान्यातला साक्षीदार पाण्यात गेला, मेणाला टिकला, उकळीला सुटला. मग मिस्तरींनी टॉर्च उघडला. सेल ढिले बसत होते म्हणून त्यानं आत सिगरेटच्या पाकिटातली चमकी कोंबली होती. चमकी आतल्या पत्र्याला लागली आणि शार्ट झाला.

"स्प्रिंग बिघडली नाई," मिस्तरी म्हणाले. "तिनं तुले सांगतलं. तू आयकलं नाई."

हे मी माझ्या कानानं ऐकलं होतं. तरी मी जे केलं ते केलं.

माझं मशीन म्हणजे माझा जीव होता. पंचक्रोशीत दुसरा भोंगा नव्हता. लग्न कोणाचंही असो, मांडवात माझा भोंगा बांधल्याशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नसे, असं मी तेव्हा सांगायचो आणि आजही सांगतो. लाकडी खोक्यात मशीन, बाजूला मोटारीची ब्याटरी, ब्याटरीवर मिस्तरींची स्प्रिंग. छकड्यात घालून वीस-वीस कोस नेलं.

त्या वैशाखात एका लग्नात, ऐन मंगलाष्टकांना, टक् झालं. भोंगा मुका. भटजी तोंड उघडून राहिले. वरातीतला एक पाहुणा म्हणाला, "भोंगेवाल्या, तुह्या भोंग्याले लाज आली का?" सगळा मांडव हसला. मी खोकं उघडलं, तर स्प्रिंग सुटलेली. ऊन मी म्हणत होतं. मी मनाशी ठरवून टाकलं की मिस्तरींचा थेंब उन्हानं वितळला. खोक्याच्या भोकाशी, जिथून ब्याटरीच्या दोन तारा आत जातात, तिथं पाहिलंच नाही. भोकाला पत्र्याची कड होती, आणि छकड्याच्या धक्क्यानं तारांचं रबर तिथं घासलं जात होतं. स्प्रिंगनं ते सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तांब्याची तार घेतली, स्प्रिंगच्या दोन टोकांना जोडली, पिळली, आणि मंगलाष्टकं पुढं चालू झाली.

त्या दिवसापुरतं म्हणून जोडली. पण दुसऱ्या लग्नात काही झालं नाही, तिसऱ्यात झालं नाही. मला वाटलं, पाहा, तारेनं चालते. मिस्तरींकडं जायचं म्हणजे ते विचारणार, मी सांगणार, ते पाहणार. मी नाही गेलो. ऐट कमी नव्हती माझ्यात.

दसऱ्याला जिनात कापूस खरेदीचा मुहूर्त असे. काट्याची पूजा व्हायची, मग पहिली गाडी तोलायची. त्या वर्षी शेटजींनी माझा भोंगा सांगितला. आवाराच्या मधात कापसाचा पहिला ढीग लागला होता. शेटजींचे मुनीमजी म्हणाले, खोकं सावलीत ठेवा, आणि सावली ढिगाचीच होती. मी तिथंच ठेवलं. दुपारच्या आधी पूजा झाली, गाणं लागलं, गाडीवाले पागोटी सावरून उभे राहिले. तेवढ्यात रबर जळल्याचा वास आला.

तारा लाल झाल्या होत्या. रबर थेंब थेंब खाली पडत होतं, आणि ढिगाच्या कडेचा कापूस धुमसायला लागला होता. काम करणाऱ्या बाया आधी धावल्या. त्यांनी लाकडी फावड्यांनी ती कड ओढून काढली, कोणी वाळूच्या बादल्या ओतल्या. मी लाकडी दांड्यानं तारा तोडल्या. सगळा खेळ पानाला चुना लावण्याएवढ्या वेळात झाला. एक-दोन टोपली कापूस काळा पडला, माझं मशीन गेलं, ब्याटरी फुगली. बाकी काही गेलं नाही. पण वारा असता तर जिन राहिलं नसतं, हे तिथल्या लहान पोरालाही समजलं होतं.

शेटजींच्या दाही बोटांत खड्यांच्या अंगठ्या होत्या. ते म्हणाले, "बोलवा त्या मिस्तरीले. त्याची स्प्रिंग होती ना यात?"

मिस्तरी भिंतीपलीकडंच होते. आले. खोक्यापाशी उकिडवे बसले, थंड झालंय का पाहिलं, आणि ब्याटरीवर हात घातला. तिथं माझी तांब्याची तार होती, काळी पडलेली, पण जिवंत. ती त्यांनी सोडवली. क्षणभर बोटात फिरवून पाहिली.

आता एक सांगितलं पाहिजे. मी डावखोरा आहे. मी तार पिळतो तेव्हा तिचा पीळ उलटा पडतो. साऱ्या मलकापुरात तसा पीळ माझाच. मिस्तरींनी माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि तार मुठीत घेतली. माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही.

"शेटजी, साक्षीदार काढतो," ते म्हणाले. "चला."

सगळे भिंतीबाहेर पाटापाशी गेले. शेटजी, मुनीमजी, गाडीवाले, बाया. मिस्तरी एका हातानंच काम करत होते, दुसरी मूठ बंद. चुलीवर भांडं चढलं, मेणाचा तुकडा पडला. शेटजी जवळ सरकले.

"अंगठ्या काढा, मंग इकडं या."

शेटजी म्हणाले, "ज्योतिष्यानं सांगतलेल्या हायेत. नाई निघत."

"मंग हात मागं धरा."

आणि दोनशे माणसं कामाला ठेवणारा तो माणूस शाळेतल्या पोरासारखा हात मागं बांधून उभा राहिला. दुसऱ्या कोणत्या दिवशी असतं तर आम्ही हसून मेलो असतो. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

भोंग्याच्या खान्यातून माझा साक्षीदार निघाला. पत्र्यासकट पाण्यात गेला. मेण मऊ झालं, पसरलं, पाण्यावर तेलासारखं झालं. स्प्रिंग टिकली. पाण्याला बुडबुडे आले. उकळी फुटली, आणि पाण्यातून बारीक टक् आलं. मिस्तरींनी चिमट्यानं उचलून सगळ्यांना दाखवली. सुटली होती.

गाडीवाल्यांनी मान डोलावली. पण मुनीमजी हुशार माणूस. ते म्हणाले, "हे सुटली, ते ठीक. मंग खोक्यातली वेळेवर काऊन नाई सुटली? तारा लाल झाल्या तवा ते काय झोपली होती?"

मिस्तरींनी एका हातानं चुलीतली लाकडं मागं ओढली.

"बोला ना, मिस्तरी."

"स्प्रिंगची साक्ष मी देली," मिस्तरी म्हणाले. "यापुढचं मले सांगाचं नाई."

शेटजी म्हणाले, "मंग माह्या जिनातला धातू आजपासून बंद. आन् हे टेबल माह्या भिंतीले नको."

मिस्तरींनी मान हलवली, जशी आपण दुकानदाराच्या भावाला हलवतो, आणि एका हातानं पाटावरचं सामान आवरायला लागले. डाख द्यायचा कय्या, मेण, चिमटा. पेटीचं झाकण लावलं.

मी गर्दीच्या पुढंच उभा होतो. मला वाटत होतं, आता मूठ उघडतील. उघडली असती तर मी भांडलो असतो. खोटं बोललो असतो, ही तार माझी नाहीच म्हणालो असतो. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. पण त्यांनी मूठ उघडली नाही, आणि मला भांडायला कोणी उरलं नाही. ते पाट उचलायला वाकले, आणि एका हातानं त्यांना तो उचलेना. दुसरी मूठ उघडली असती तर उचलला असता.

"पाट ठेवा खाली," मी म्हणालो. "शेटजी, स्प्रिंग सुटली होती. वैशाखातच सुटली होती. मी तिच्यावरून तार जोडली."

मुनीमजी हसले. "म्हाताऱ्याले वाचवून राह्यला का बे?"

"मी कोनाले वाचवत नाई. मिस्तरी, मूठ उघडा."

उघडली. तार दिसली, पण तार काय, कोणाचीही असते. मुनीमजी तेच म्हणाले. तेव्हा मी पाटावरून तांब्याच्या तारेचा तुकडा घेतला आणि सगळ्यांपुढं पिळला, जसा मी पिळतो तसा. मग एका गाडीवाल्याला पिळायला लावला. तिन्ही तुकडे शेजारी ठेवले. गाडीवाल्याचा पीळ एकीकडं, माझा आणि मुठीतला दुसरीकडं. कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. एक बाई म्हणाली, "हा तं डावऱ्या हाये."

मी मान खाली घातली असं कोणी सांगत असेल तर तो खोटं बोलतो. मी शेटजींच्या डोळ्यात पाहून बोललो. शेटजींनी मला जिनातून कायमचं बंद केलं, जे बोलायचं ते बोलले, आणि ते त्यांचं बरोबर होतं. मिस्तरींच्या धातूबद्दल पुन्हा कोणी काही बोललं नाही. पाट जागेवर राहिला.

सगळे गेल्यावर मिस्तरी म्हणाले, "करगोटा काढ. बस."

बसलो.

"तीन कर."

मी तीन स्प्रिंगा केल्या, आयुष्यात पहिल्यांदा. चुकल्या, पुन्हा केल्या. दिवस कलेस्तोवर केल्या. त्यांनी एकदाही मला चूक म्हटलं नाही, आणि बरोबरही म्हटलं नाही. फक्त मेण वितळेस्तोवर पाण्यात धरत आणि परत देत. शेवटी तीन जमल्या. एक मीच शार्ट केली, टक्. दुसरी पुढं नव्या मशीनला लागली, जे मी दोन वर्षांनी उभं केलं. तिसरी मी पेटीकडं नेली, भोंग्याच्या खान्यात ठेवायला.

मिस्तरींनी पेटीवर हात ठेवला. "ते तुह्यापाशी ठेव. इथं जागा नाई."

मला ते लागलं. डुकरं राखणाऱ्याची स्प्रिंग आत, तराजूवाल्याची आत, आणि ज्यानं भर बाजारात तोंड उघडलं त्याची बाहेर. मी मनात म्हणालो, यांना आता माझा भरोसा नाही. विचारलं मात्र नाही. त्यानंतर कित्येक वर्षं मी त्यांच्याकडं गेलो, चहा पाजला, पोरांची लग्नं सांगितली, पण त्या खान्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनीही काढला नाही. दोघंही तसलेच. आणि माझ्या मशीनवर पुन्हा कधी तार लागली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. स्प्रिंग सुटली तर लग्न थांबवलं. नवरदेवाच्या बापानं शिव्या दिल्या तर ऐकून घेतल्या. आधी शोधलं कुठं घासलंय, मग नवी लावली. माझ्या भोंग्यानं पुढं कुठं ठिणगी पडली नाही.

मिस्तरी गेले ते झोपेतच गेले. महिन्याभरानं त्यांच्या बायकोनं निरोप धाडला. गेलो तर ती कडुलिंबाखाली, पाटाला अगदी टेकून बसली होती. गळा मोकळा होता.

"आता बसता येते जवळ," ती म्हणाली. मग पेटी पुढं सरकवली. "हे तुमाले देयाले सांगतलं होतं. दुसऱ्या कोनाले नाई."

मी पेटी घरी आणली. अंगावरचं जे होतं ते काढलं आणि झाकण उघडलं. खान्या-खान्यांत साक्षीदार होते, ज्यांचे धनी मरून गेले त्यांचेही. भोंग्याचा खाना मी शेवटी उघडला. आत कापसाच्या रुईचा एक पेळू होता. रुई बाजूला केली. खाली ती तांब्याची तार होती, काळी, उलट्या पिळाची.

जागा खरंच नव्हती.

माझी तिसरी स्प्रिंग मी अजून सोडून पाहिलेली नाही. ती त्या तारेशेजारी ठेवली आहे, दाटीवाटीनं बसते. पोरं म्हणतात, बाबा, एवढ्या वर्षांत थेंब मेला असेल. मी म्हणतो, मी केलेली आहे आणि त्यांच्या मेणाच्या पाण्यातून गेलेली आहे. कोणाला पेटी पाहायची असेल तर खुशाल घरी यावं. दारापाशी मातीचं परळ ठेवलेलं आहे.